परसातला कुजका वास: आधी त्याची वेळ बघा, मग फावडं उचला

आमचं घर पेणला. पुढे छोटं अंगण, मागे परसू, वर पत्र्याची शेड घातलेली गच्ची. या तिन्ही ठिकाणी मिळून वर्षातून तीनदा घाण वास सुटायचा आणि दर वेळी तो आम्हाला नवाच वाटायचा.

पहिल्यांदा सुटला तो मृगाच्या तोंडावर. संध्याकाळी दिवे लावायच्या सुमारास शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अगं, तुमच्या परसात काहीतरी मेलंय. आत्ताच बघून घे, पाऊस लागला की राहवणार नाही." आम्ही बघितलं. घूस शोधली, लाकडांचा ढीग उपसला, शेवटी प्लंबरला बोलावून गटाराचं चेंबर उघडलं. चेंबर स्वच्छ. मग मी भिंतीच्या कडेने बाटलीभर फिनेल ओतलं. तिसऱ्या दिवशी वास गेला आणि आम्ही समजलो, फिनेलने काम केलं. त्या फिनेलने भिंतीलगतच्या वाफ्यातले आल्याचे कोंब आठवड्यात करपले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात वास परत आला. तेव्हा मात्र मी टॉर्च घेतली आणि नाकाच्या मागे मागे चालत गेले. जास्वंदीच्या मागे, सुरणाच्या जागी, जमिनीला टेकून एक थोराड, जांभळट तपकिरी फुलोरा उमलला होता आणि त्याच्यावर माश्या घोंघावत होत्या. फिनेलचा काही संबंधच नव्हता. फुलोऱ्याचे दिवस भरले म्हणून आदल्या वर्षी वास गेला होता.

तेव्हापासून मी एका वहीत वासाची नोंद ठेवते: तारीख, वेळ, पाऊस होता की ऊन, वारा कुठून होता. बागेतल्या वासाच्या तक्रारी घेऊन कोणी विचारायला आलं की मी आधी हेच विचारते, आणि बहुतेकांना सांगता येत नाही. वास आला की माणूस थेट उपटायला धावतो.

वास कुठून येतोय हे कसं ठरवायचं

तीन दिवस काहीही न उपटता, काहीही न ओतता नुसतं लक्ष ठेवा. फुलाचा वास ठरावीक वेळेला वाढतो आणि ठरावीक वेळेला ओसरतो. पानाचा वास पान चुरगळलं किंवा अंगाला घासलं तरच येतो. कुंडीतल्या मातीचा वास पाणी घातल्यावर किंवा माती उकरल्यावर येतो. मेलेल्या उंदराचा वास रात्रंदिवस सारखाच असतो, चार-पाच दिवस वाढत जातो आणि मग हळूहळू उतरतो. एवढ्यावरूनच निम्म्याहून जास्त वेळा उत्तर मिळतं.

फुलाचा संशय असेल तर त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी सैल बांधा, अर्ध्या तासाने सोडून हुंगा. कुंडीचा संशय असेल तर विझलेल्या अगरबत्तीच्या काडीचं न जळलेलं टोक तळापर्यंत खुपसा, पंधरा मिनिटांनी काढून टोक हुंगा. टोक काळं पडलं असेल आणि कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर रोप निर्दोष आहे, त्याची माती बिघडली आहे.

फिनेल, ब्लीचिंग पावडर, डांबरगोळ्या यांतलं काही मातीत टाकू नका. वास झाकला जातो, मुळं आणि गांडुळं मरतात, आणि मुळातलं कारण जसंच्या तसं राहतं.

सुरण: मे अखेर ते जून

सुरण आम्ही खाण्यासाठी लावला नव्हता. त्याचं छत्रीसारखं पान आणि ठिपक्यांचा दांडा पावसाळ्यात फार देखणा दिसतो म्हणून जास्वंदीमागच्या सावलीत दोन कंद पुरले होते आणि विसरून गेलो होतो. तेच चुकलं.

सुरणाचा कंद जमिनीत वर्षानुवर्षं तसाच राहिला की पोसत जातो. पुरेसा मोठा झाला की एखाद्या वर्षी वळवाच्या सरींनंतर पानाऐवजी आधी फुलोरा येतो. बाहेरून झालरीसारखं वेष्टन, मधे जाड दांडा आणि दांड्याच्या डोक्यावर मेंदूसारखा सुरकुतलेला, गडद तपकिरी गोळा. दांड्याच्या बुडाशी मादीफुलं आणि त्यांच्या वर नरफुलं असतात. मादीफुलं आधी तयार होतात. त्याच वेळी कुजलेल्या मांसावर बसणाऱ्या माश्या आणि भुंगे यायला हवेत म्हणून वास तेव्हाच सगळ्यांत उग्र असतो. डोक्यावरचा गोळा त्या वेळी स्वतः गरम होतो, त्यामुळे वास लांबवर जातो. सडक्या मांसातून निघतात तीच गंधकयुक्त द्रव्यं, डायमिथाइल डायसल्फाइड आणि ट्रायसल्फाइड, या फुलोऱ्यातूनही निघतात. म्हणून काकूंना काहीतरी मेलंय असं वाटणं अगदी बरोबर होतं. त्यांचं नाक चुकलं नव्हतं. पहिली संध्याकाळ आणि रात्र कठीण जाते, नंतरच्या एक-दोन दिवसांत वास उतरतो आणि झालर मान टाकते.

(याच्याच घराण्यातला सर्वांत मोठा फुलोरा सुमात्रा बेटावरच्या टायटन अरमचा. ओदोआर्दो बेकारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ साली त्याची नोंद केली, आणि लागवडीत तो पहिल्यांदा फुलला १८८९ साली, लंडनच्या क्यू उद्यानात. तिथे असा फुलोरा उमलला की लोक रांगा लावून वास घ्यायला जातात. आपल्याकडची शेवळंही याच कुळातली. जूनमध्ये कातकरी बाया जुड्या बांधून विकायला आणतात ती कोवळी, न उमललेली असतात, म्हणून भाजी करताना हा त्रास होत नाही. आणि खाज मारायला सोबत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, लागतातच.)

आता उपाय. फुलोरा उमललाच असेल आणि घरात कोणाला सहन होत नसेल, तर पूर्ण झाड काढायची गरज नाही. हातमोजे घालून, धारदार सुरीने दांड्याच्या डोक्यावरचा तो गोळा तेवढा कापा. वास मुख्यतः तिथूनच निघतो. कापलेला गोळा वर्तमानपत्रात गुंडाळून फूटभर खोल पुरा. सगळाच फुलोरा नको असेल तर जमिनीलगत कापला तरी चालतो, खालचा कंद मरत नाही आणि बहुतेक वेळा नंतर पान वर येतं. हातमोज्यांचं मात्र मनावर घ्या. सुरणाच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज तासन्‌तास जात नाही. मला एकदा मनगटापर्यंत आमसुलाचं पाणी लावून बसावं लागलं होतं.

दरवर्षी हा प्रकार नको असेल तर खरं काम मार्गशीर्ष-पौषात करायचं असतं. पान पिवळं पडून आडवं झालं की कंद उकरून काढा. मोठा कंद खायला घ्या. लावायला अर्ध्या किलोच्या आसपासचे तुकडे करा, प्रत्येकाला मधल्या डोळ्याचा थोडा तरी भाग यायला हवा. कापलेल्या बाजूला राख लावून सावलीत वाळवा आणि मे महिन्यात परत पुरा. असे तुकडे पान देतात, फुलोऱ्याच्या वयाला येत नाहीत. शेतकरीही सुरण असाच लावतात. आम्ही हे सुरू केल्यापासून चार वर्षांत फुलोरा एकदाच आला, तोही खोदताना हातून सुटलेल्या एका कंदाला.

ज्यांना फुलोरा हवाच आहे त्यांनी कंद कुठे पुरायचा हे वाऱ्यावर ठरवावं. कोकणात त्या दिवसांत वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून असतो. घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला लावलेल्या सुरणाचा वास घरात येत नाही. आमच्या पूर्वेला भातखाचर आहे, त्यामुळे आम्ही निवांत. तुमच्या पूर्वेला दुसऱ्याची खिडकी असेल तर आधी तिथे विचारा.

भाद्रपद-आश्विनातल्या कुंड्या

हा दुसरा वास, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त घरांत हाच असतो. फक्त त्याचं खापर चुकीच्या झाडावर फुटतं. आमच्याकडे ते अनेक वर्षं झेंडूवर फुटत होतं.

पेण म्हणजे गणपतीचं गाव. आता बरीच घरं शाडूची मूर्ती आणून घरीच बादलीत विसर्जन करतात. मूर्ती विरघळली की ती माती श्रद्धेने तुळशीच्या, जास्वंदीच्या, झेंडूच्या कुंडीत ओततात. आम्हीही ओतायचो, आणि त्याच्याबरोबर निर्माल्याचं पाणी. भावना चांगलीच आहे, पण शाडू ही फार बारीक कणांची चिकणमाती. ती वरून ओतली की कुंडीतल्या पोकळ्या बुजतात, पाणी खाली उतरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. आश्विनातला परतीचा पाऊस त्यात भर घालतो. हवा नसलेल्या मातीत वेगळे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. त्यात निर्माल्यातली फुलं-दूर्वा सडत असतात. वर झेंडू फुललेला असतो, त्याच्या पानांना स्वतःचा उग्र दर्प असतोच, मग सगळे म्हणतात झेंडू काढून टाका. मी दोन वर्षं भर बहरात झेंडू उपटला. वास तसाच राहिला, कारण कुंडी तीच होती.

अशी कुंडी हाती आली तर पाणी ताबडतोब थांबवा. कुंडी आडवी करून रोप मातीच्या गोळ्यासकट सरकवून काढा. मुळं पांढरी, टणक असतील तर रोप वाचतं. तपकिरी, बुळबुळीत, ओढल्यावर साल सुटून येणारी मुळं कात्रीने काढून टाका आणि तेवढ्याच प्रमाणात वरचा पालाही छाटा, नाहीतर उरलेल्या मुळांना तो पेलवत नाही. काळी पडलेली माती फेकू नका. फरशीवर पसरून चार-पाच दिवस उन्हात खडखडीत वाळू द्या, वास आपोआप निघून जातो. मग तिच्यात भाताचं तूस, चाळलेलं जुनं शेणखत आणि थोडी जाड वाळू मिसळा. पेणसारख्या भाताच्या मुलखात तूस गिरणीवर सहज मिळतं आणि माती मोकळी ठेवायला त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. तळाचं भोक खिळ्याने मोकळं करा, कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवा, आणि खालची ताटली पावसाळाभर काढूनच टाका.

मूर्तीची माती कुंडीत घालू नये असं माझं म्हणणं नाही. घरातला गणपती घरच्याच झाडात जावा ही इच्छा मला समजते, माझीही तीच आहे. आता आम्ही बादलीतलं पाणी निवळू देतो, वरचं पाणी परसातल्या नारळाला घालतो, खालचा गाळ पसरून वाळवतो आणि ठेचून ठेवतो. कार्तिकात कुंड्या भरताना घमेलंभर मिश्रणात त्यातल्या दोन मुठी घालते. बाकीची माती मूर्तिकाराकडे परत जाते, तो ती भिजवून पुन्हा वापरतो. निर्माल्य सुक्या पाल्याबरोबर खताच्या खड्ड्यात.

याच दिवसांत शेवंतीला खत म्हणून शेंगदाण्याची पेंड भिजवायची पद्धत आहे. ती आठ-आठ दिवस झाकून ठेवली की वासाने डोकं उठतं. एक रात्र भिजवा, सकाळी दहापट पाण्यात घालून ओता, वरून मूठभर सुकी माती भुरभुरवा. कच्चं शेण कुंडीत घालू नका, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

निशिगंध, लिली यांसारख्या कंदवाल्या कुंडीतून आंबट-कुजका वास आला तर कंद बोटाने दाबून बघा. मऊ लागला, आतून पाणी सुटलं, तर तो सडला आहे. तो आणि त्याच्या आजूबाजूची माती काढा, शेजारचे टणक कंद वेगळ्या कुंडीत हलवा. सडका कंद वाचवत बसू नका.

गच्चीवरचा स्टॅपेलिया

नर्सरीत याला स्टारफिश कॅक्टस म्हणतात, पण हा निवडुंग नाही. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा आणि कुळाने आपल्या रुईचा, कण्हेरीचा नातेवाईक. बोटभर जाडीच्या, चार धारांच्या मऊ फांद्या, आणि पावसाळा सरताना त्यांच्या बुडाशी फुग्यासारख्या कळ्या. मोठ्या जातीचं फूल विताएवढं किंवा त्याहूनही मोठं, पाच टोकांचं, पिवळट, वर तांबड्या बारीक रेघा आणि लव. मला ते फार सुंदर वाटतं. त्याच्यातून मात्र मेलेल्या जनावरासारखा वास येतो. माश्या फसून त्याच्या मधोमध अंडी घालतात, अळ्या निघतात आणि खायला काही नसल्याने मरतात. फुलात अळ्या दिसल्या म्हणून आमच्याकडे एकदा अख्खी कुंडी कीटकनाशकाने भिजवली गेली. झाडाला कीड नव्हती, फवारणीची काहीच गरज नव्हती.

या झाडाचा उपाय सगळ्यांत सोपा, कारण ते कुंडीत असतं आणि कळी आगाऊ सूचना देते. कळी लिंबाएवढी झाली की कुंडी उचलून जिथे कोणी बसत नाही तिथे ठेवा. आमच्याकडे ती पूर्वेच्या कठड्यावर जाते, कारण हा वास दिवसा, उन्हात जास्त येतो आणि दिवसा आमच्याकडे खारा वारा पश्चिमेकडून येतो. एक फूल दोन-तीन दिवस टिकतं. कोमेजलं की चिमट्याने काढून टाका, नाहीतर वाळेपर्यंत थोडा वास राहतोच. घरात लहान मूल किंवा गर्भार बाई असेल आणि वासाने मळमळत असेल तर कळ्याच खुडा. झाडाला त्याने काही होत नाही. पुढच्या वर्षी त्या परत येतात.

रातराणी, लसूणवेल, घाणेरी

रातराणीचा वास वाईट कोण म्हणेल? पण झोपायच्या खिडकीखाली लावली तर कित्येकांचं डोकं दुखतं, आणि सकाळी वास नसल्यामुळे कारण सापडत नाही. तिची गोष्ट स्टॅपेलियाच्या उलटी. ती रात्री दरवळते आणि पावसाळा संपल्यावर किनाऱ्याकडच्या भागात रात्री मतलई वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. तेव्हा रातराणी घराच्या पश्चिमेला, खिडकीपासून वीसेक फूट लांब. जमिनीत रुजलेली असेल आणि हलवता येत नसेल तर कळ्यांचे झुबके दिसायला लागले की खिडकीकडच्या बाजूची छाटणी करा.

लसूणवेलीची पानं चुरगळली की लसणाचा भपकारा येतो, घाणेरीचं तर नावच सांगतं. या दोन्ही नुसत्या उभ्या असताना त्रास देत नाहीत. येण्याजाण्याच्या वाटेवर, नळापाशी, दोरीवरचे कपडे घासतील अशा जागी त्या नकोत, एवढंच. ईश्वरीची वेल कुठे आपोआप उगवली असेल तर तिच्या वासाचं कारण काढून ती मात्र उपटू नका. कॉमन रोझ आणि सदर्न बर्डविंग या फुलपाखरांच्या अळ्या तिच्याच पानांवर वाढतात.

जे झाड हलवता येत नाही

माझी बहीण पुण्यात राहते. तिच्या सोसायटीच्या फाटकाशी दोन सप्तपर्णी आहेत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री त्यांचा जड वास पाचव्या मजल्यापर्यंत चढतो. लांबून तो अनेकांना गोड वाटतो, जवळ राहणाऱ्यांना गुदमरल्यासारखं होतं. दरवर्षी त्या दिवसांत सभा भरते आणि झाडं तोडायचा विषय निघतो. एकदा कोणीतरी बुंध्याला भोक पाडून ॲसिड ओतायचंही सुचवलं. शहरात झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगी लागते, आणि झाडाला अशी इजा करणंही त्यात गुन्हाच ठरतं. मी तिला एवढंच सांगितलं की सप्तपर्णीची फुलं फांद्यांच्या टोकाला येतात. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करून, उन्हाळ्यात त्यांच्या देखरेखीखाली खिडक्यांकडच्या फांद्यांची टोकं हलकी छाटून घेतली तर त्या बाजूचा बहर कमी होतो. अर्ज बहर संपल्या संपल्या करावा. ऑक्टोबरात अर्ज केला तर परवानगी येईपर्यंत फुलं गळून गेलेली असतात, आणि मग पुढच्या ऑक्टोबरपर्यंत कोणाला आठवत नाही. त्यांच्या सोसायटीत हे तीनदा झालं. यंदा तिने डिसेंबरमध्येच अर्ज लिहून सचिवांच्या हातात दिला आहे.